पाळण्यातला किसन

अकोल्याहून अमरावतीकडे निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावर सुभद्राबाई ताठ बसल्या होत्या. मूर्तिजापूरला चढलेली त्यांची मैत्रीण शेजारी येऊन टेकली.

“काहून वं सुभद्रा, भावाच्या पोराचं बारसं झालं का?”

“झालं! आत्याचा मान, नाव म्याच ठेवलं.”

“पन तुही भावजय वरंगलची. तिच्या मायले त्यांच्या आज्याचं नाव पायजे होतं ना?”

“हो, अन् माह्या मायले आमच्या आज्याचं. पन दोघीयचेही सासरेच ना ते! नाव तोंडातून काढतीन थोडीच? एक म्हने ‘आमचे आबा’, दुसरी म्हने ‘आमचे तातय्या’. निरा भांडन!”

“मंग?”

“पाळन्यापाशी म्या व्याह्यालेच इचारलं, तुमच्या बापाचं नाव तरी सांगा. ते म्हनले, किष्टय्या.”

“अन् तुहा आजा?”

“किसन! दोन्हीकडं कृष्णच. म्या पोराच्या कानात किसन म्हनलं, व्याह्यानं दुसऱ्या कानात किष्टय्या. दोघी मायांनी गळ्यात गळे घातले.”

“अन् आत्याच्या पाठीत धपाटे?”

“सगळ्यात जोराचा व्याहीनबाईचा. म्हनून तं टेकून बसता येऊन नाई राह्यलं!”