नगरचा धूर नांदायला आला

नाय, ते वाक्य माझ्याच्यानं व्हणार नाय, भाऊ. कितीदा म्हणून झालं अन् दर टायमाला जीभ चावली — ‘प्रादेशिक सहकार्यातून कर्ब-साठवण’ — अहो, अर्धे दात पडलेल्या बाईला असलं देत्यात का चघळायला? तुम्ही तिकडं नाशकात गंगापूर रोडला एसीत बसून लिहिलं, तुमचं काय जातंय. मी काळखडीची सरपंच हाय, साळूबाई म्हणत्यात मला, मला माझ्या तोंडानं बोलू द्या, मंग तुम्ही कापा काय कापायचं ते. चालू हाय का कॅमेरा? लाल दिवा लागला म्हंजे चालू? बरं.

तर झालं असं. दोन वरसांमागं ह्या प्रकल्पाच्या संजना मॅडम आल्या — पोरगीच म्हणायची, पायात बूट, डोक्याला रुमाल — अन् हातात मुसळाएवढा दगडाचा गोल तुकडा. म्हणल्या, मावशी, तुमच्या रानाखालचा हा काळा कातळ लय खोल हाय अन् लय गुणाचा हाय. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो ना, त्यातला कार्बनचा वायू आम्ही वेगळा काढणार, पाण्यात कालवणार — सोड्याच्या बाटलीगत — अन् ह्या कातळात खोल सोडणार. तिथं त्याचा हळूहळू दगड होतो. वर परत येत नाय, म्हंजे हवा तापत नाय. आमचे मालक कोपऱ्यात तंबाखू मळत व्हते. म्हणले, मॅडम, ह्या कातळातून आम्हाला जन्मात धड पाणी काढता आलं नाय, तुम्ही त्यात सोडा भरणार? आता काय बोलायचं असल्या माणसाला! मी म्हणलं, तुम्ही गप बसा. पण मला बी तेच विचारायचं व्हतं.

तरी गाव तयार झालं बरं का. नाशिक रोडकडच्या चिमणीचा धूर — येऊ द्या, निम्मं गाव तिकडं कामाला हाय, घरचाच धूर. निफाडकडच्या दारूच्या भट्टीचा — हां, डिस्टिलरी, तेच ते — त्याला तर काही मंडळींनी दोन्ही हात वर केले, त्यांना वाटलं वास तरी यील. पण मंग मॅडमच्या तोंडून निघालं, की नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा वायू बी इकडंच येणार, टँकरनं. नाशिक, धुळे, नगर, तिघांनी मिळून एकच जागा, सगळ्यांचा वायू तिथंच — झालं. सभा पेटली. नगरचा? नगरचा धूर? आमच्या जमिनीत?

तुम्ही शहरातले, तुमचं नळ उघडला की संपलं. आमच्या धरणाचं पाणी दुष्काळात खाली सोडत्यात — पोलीस बंदोबस्तात सोडत्यात, आमच्या मोटारींची लाईट तोडून सोडत्यात — अन् खाली कोण? नगर, अन् त्याच्या पुढं मराठवाडा. मंग मी उभी राहिले. म्हणलं, आमचं पाणी खाली न्यायचं अन् तुमचा धूर वर पाठवायचा? वर त्यात कालवायला शहराचं धुतलेलं सांडपाणी! नाशिकचं सांडपाणी, नगरचा धूर — हे गाव हाय का उकिरडा? त्या नगरवाल्यांना म्हणावं, तुमची घाण तुमच्या पदरात बांधा, आमच्या दारात टाकू नका! काय टाळ्या पडल्या, भाऊ. काय टाळ्या! पोरांनी व्हिडिओ केला, मागं ढोल लावला, सांजच्यापोतर माझं तोंड दिंडोरीपासून येवल्यापर्यंत फिरलं. अन् मला बी — खोटं कशाला बोलू — मला बी बरं वाटलं. झेडपीला उभं राहावं का, इथवर गेलं डोकं.

फक्त एक इसरले. माझी एकुलती एक लेक, पल्लवी, नगर जिल्ह्यातच दिलेली हाय. त्याच कारखान्याच्या भिंतीला लागून तिचं घर.

फोन आला तिचा. एवढंच म्हणली, ‘आई, मी घाण का?’ मी म्हणलं, अगं तुला कोण म्हणतंय, मी त्या नगरवाल्यांना — ‘मंग मी कोण?’ अन् ठेवला. सातवा लागला व्हता तिला तवा. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं — मी डिंक आणून ठेवलेला, दुपटी शिवून ठेवलेली, खाटंची नवार बदललेली. तर हिचा परत फोनच नाय. मंग गेलो आणायला, मी अन् मालक. तिची सासू, आक्काबाई — गोड बोलून सालटं काढणारी बाई — तिनं चहा दिला तो वर बशी झाकून. म्हणलं ही कुठली रीत? म्हणली, ‘काजळी पडती ना विहीणबाई, बॉयलरची. आता नवं मशीन बसायचं व्हतं, ते आधी काजळी धुणार अन् मंग वायू काढणार. पण वायू ठिवायला जागा नाय म्हणून कामच बंद पडलं. कुठल्या तरी गावानं नाय म्हणलं म्हणं.’ म्हणं! जशी काय हिनं व्हिडिओ पाह्यलाच नाय! मी बशी उचलली, तर तेवढ्यात चहात काळे ठिपके. प्याले. काय करणार? तिच्या डोळ्यात बघत बघत सगळा प्याले.

तेवढ्यात पल्लवी बाहेर आली, हातात धुणं, पोट एवढं पुढं. आधी वाळत घालायची दोरी फडक्यानं पुसली — फडकं काळं झालं — मंग एकेक दुपटं झटकून घातलं. बाळ यायचंय अजून, अन् त्याच्या दुपट्यावर कोळशाची नक्षी. मी म्हणलं, चल, पिशवी भर. तर माझ्याकडं न बघताच म्हणली, ‘मी नाय येत. माझं लेकरू ह्याच धुरातलं व्हणार, ते तुझ्या गावाला कशाला बाटवायचं?’ परतीच्या वाटंला आमच्या मालकांनी तंबाखू सुद्धा मळली नाय.

मंग मी परत सभा लावली. लोक म्हणले, साळूबाई पलटली, पाकीट मिळालं. अरे, पाकीट मिळालं असतं तर ह्या लुगड्यात बसले असते का तुमच्यापुढं? आक्काबाईला फोन केला, म्हणलं, या, तुमच्या तोंडानं सांगा आमच्या लोकांना, माझं तोंड वापरून झालंय. टेम्पो भरून बाया घेऊन आली ती. अन् भर सभेत आमची जी जुंपली — पाणी निघालं, मानपान निघाला, लग्नातल्या साड्यांचा काठ निघाला. संजना मॅडम मधी कागद घेऊन उभ्या, त्यांना कुणी विचारीना. शेवटी आक्काबाईनं माइक ओढला, म्हणली, ‘तुमची पोर आमच्यात नांदतीय ना? तसाच आमचा धूर तुमच्यात नांदायला पाठवतो. फक्त त्याला सासुरवास करू नका.’ सगळी सभा हसली. माझा दीर हसला, जो स्वतःच्या लग्नात हसला नव्हता. अन् हसता हसताच हात वर झाले. हे घ्या बरं का, हे तुमच्या फिल्लममधी घ्या.

पण मी त्यांना असं सुटू देते व्हय? अट घातली. दर तीन महिन्याला आमच्या विहिरींचं पाणी तपासायचं, अन् नुसत्या साहेबांनी नाय — ज्यांचा धूर, त्यांच्या गावच्या दोन बायांनी यायचं, आमच्यात बसायचं, आम्ही पितो तेच पाणी प्यायचं. लय आवडलं सगळ्यांना! मुंबईच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, आता तिन्ही जिल्ह्यांत हाच नियम. मॅडम म्हणल्या, मावशी, हे सुचलं कसं तुम्हाला? मी म्हणलं, विश्वास, मॅडम, विश्वास पायजे.

विश्वास कसला, डोंबल! मला वाटलं, दोन बायांत एक पल्लवी असंल. — हे कापा हां. — पोर रुसलीय, आईसाठी येत नाय, तर प्रकल्पाच्या जीपनं तरी यील, काम म्हणून यील, असं व्हतं मनात. अन् येती कोण? आक्काबाई! दोन्ही खेपेला आक्काबाई अन् तिची जाऊ. पाणी पिती, जेवती, माझ्याच खाटंवर दुपारची घोरती. वर नातीचे फोटू दाखवून म्हणती, ‘नाक तेवढं तुमच्यावर गेलंय बिचारीचं.’ हां, नात झाली ना. तिकडंच झाली. बाळंतपण आक्काबाईनंच केलं — अन् चांगलं केलं, नाव ठेवायला जागा ठेवली नाय बाईनं, तेच तर दुखतं. बारशाला गेले व्हते मी. लेकीनं चहा दिला तो ट्रेमधी. ट्रेमधी! पाहुणीला देत्यात तसा. त्यात काजळी नव्हती, तेवढं त्यांचं मशीन लागलं व्हतं तवा. परवा मॅडमनं खालून काढलेला कातळ आणून दाखवला, त्यात पांढऱ्या रेघा — म्हणल्या, हाच तो वायू, दगड झाला. हात फिरवला मी. नगरचा कुठला अन् नाशिकचा कुठला, काय बी कळत नाय. मालक म्हणले, हवेला दगड व्हायला एवढे दिवस लागले, तुझी लेक एका व्हिडिओत झाली.

रडत नाय मी, उन्हाकडं तोंड करून बसवलंय तुम्ही मला. — आज तिसरी तपासणी, म्हणून तर तुम्ही आलात. ही बघा, आलीच जीप. आता गंमत बघा, आधी पिशवी उतरती, मंग ती उतरती. बघा, पिशवी. बघा, आक्काबाई. आता मागून तिची जाऊ —

नाय.

जाऊ नाय ती.

भाऊ, दारातून बाजूला व्हा. अहो, ऐकलं का — भाकरीचा तुकडा आणा ओवाळायला, तांब्या आणा पाण्याचा — आधी डोळे पुसा अन् मंग आणा! कशी वाकडी धरलीय बघा पोरीला कडेवर, अजून नीट घेता येत नाय हिला... सरका, भाऊ. सरका म्हणते ना. बंद करा ते.