टायरचं वय

हॅलो? … हां, बोल ताई. … जरा मोठ्याने बोल गं, इथे हवा भरायचं मशीन चालू आहे. … टायरच्या दुकानातच, अजून. नऊला आले ती इथेच आहे. पण ऐक ना, मी तुलाच फोन लावणार होते…

… गाडीची कागदपत्रं? माझ्या कपाटात, निळ्या फाइलमध्ये. … का गं?

… कोणाला विकायची?

… खालचा दातांचा डॉक्टर? आणि तो आत्ता आपल्या हॉलमध्ये बसलाय? … बाबांनीच बोलावलं? … अगं मग मला आधी नाही का सांगायचं. … नाही, नाही, फाइल काढू नकोस. सापडत नाही म्हण. … मग कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली म्हण. काय वाटेल ते सांग, त्याला कॉफी दे, आईला सांग त्याला दाढ दाखव म्हणावं, पण बाबांना सही करू देऊ नकोस.

… सांगते ना. तू स्वयंपाकघरात जा आधी. … गेलीस? दार लोट.

हं. गुरुवारी गाडी बाबांमुळे घसरली नाही.

… हो. … नाही गं, मी काही मनाची समजूत घालत नाहीये. टायरमुळे घसरली. … इथल्या मालकीणबाईंनी सांगितलं. … हो, बाई आहेत. चष्मा डोक्यावर, हात कोपरापर्यंत काळे. मी त्यांना म्हटलं, एका टायरला फुगवटा आलाय तेवढा बदलून द्या. मला काय माहीत, मी आपली चाकाला चाक म्हणणारी. त्यांनी विचारलं, फुगवटा कशाने आला? मग मी सगळं सांगितलं. रस्ता धुणारा टँकर नुकताच पुढे गेला होता, बाबा चौकात वळत होते, शेजारी आई होती, वेगही काही फार नव्हता, आणि गाडी गर्रकन फिरून फुटपाथला घासून सरळ फुलझाडांत. …

… हो, तेही सांगितलं. की खाली उतरून त्यांनी किल्ली आईच्या हातात दिली आणि तेव्हापासून गाडीचं नाव काढत नाहीत.

तर बाईंनी काय केलं? गाडी वर उचलली, टॉर्च घेऊन खाली शिरल्या आणि मला म्हणाल्या, इकडे या, वाचा. … अगं टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष. टायर कधी बनला ते. … तू बस आधी. … अकरा वर्षं.

… चारही. चारही अकरा वर्षांचे. … म्हणजे आपण गाडी घेतली तेव्हाच ते पाच वर्षांचे होते. आधीच्या मालकाने घातलेले, तेच चालू राहिले.

… हो ना, मीही तेच म्हटलं, की खाचा तर कशा खोल आहेत, नव्यासारख्या. तर त्या म्हणाल्या, नख दाबा. मी दाबलं. अगं जरा म्हणून रुतत नाही. बशीवर दाबल्यासारखं. रबर नुसतं बसून बसून वाळून गेलंय. हे म्हणे वेगाच्या गाड्यांचे टायर, मऊ असतात तोवर रस्ता धरून ठेवतात, आणि एकदा का कडक झाले की ओल्यावर साबणाची वडी.

… हो, बघतात ना, दर रविवारी बघतात. काडेपेटीतली काडी खाचेत घालून. गुल बुडलं की टायर ठीक. मी तेही सांगितलं. बाई हसल्याच. म्हणाल्या, बस चालवायचे का वडील?

… शप्पथ. मी बोललेच नव्हते त्याबद्दल. त्या म्हणाल्या, डेपोतली माणसं अशीच बघतात. बसचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजून जातो गं, त्याचं वय बघायची वेळच येत नाही. सदतीस वर्षांत बाबांवर कधी आली असेल? आणि ही गाडी जाते आठवड्यातून एखाद्या वेळी, ती आपली बाजारापर्यंत आणि तळ्यापर्यंत. झिजणार कुठून? … आणि ते आकडे आतल्या बाजूला होते. गाडी वर घेतल्याशिवाय दिसलेच नसते.

… थांब, मुख्य गोष्ट पुढेच आहे. बाई म्हणाल्या, या टायरवर मी असते तरी घसरले असते. उलट चौकात इतकी माणसं असताना ज्याने गाडी नेमकी झुडपात घातली, त्याचे हात चांगलेच असले पाहिजेत.

… रडू नकोस. … मीही रडले, पण दुकानाच्या मागे जाऊन. … जीव भांड्यात पडला बघ माझा. चार दिवस मला एकच दिसत होतं, बाबा जेवताना स्वतःच्या हाताकडे बघतायत, थरथरतोय का म्हणून. आणि मी शहाणी. गुरुवारी रात्री मीच त्यांना म्हणाले ना, बाबा, आता वय झालं, टॅक्सीने जात जा. जीभ झडायला हवी होती माझी. … नाही, म्हणालेच. तू होतीस की तिथे.

बरं, दे बाबांना फोन. … असू दे तो बसलेला. बाबांना आत बोलाव, आईला औषधाची बाटली उघडत नाही म्हण.

…

बाबा? … हो, मीच. … नाही, किल्ली देते, पण आधी ऐका. … बाबा, ऐका. टायर अकरा वर्षांचे होते.

… खाचा ठीकच आहेत. काडी बुडते, हो. रबर गेलंय. … दगड झालाय दगड. मी स्वतः नख दाबून बघितलं. … चारही. …



… हो. … नाही, हात नाही. डोळेही नाहीत. टायर. … त्या बाई चाळीस वर्षं हेच काम करतायत, त्यांनी सांगितलं. … शब्द न् शब्द सांगितला मी, वेगासकट. … हो, त्या म्हणाल्या, त्यांचीही घसरली असती.

… अहो, तुम्हाला कसं कळणार? आकडे आतल्या बाजूला होते. … बरं, बघायला हवं होतं. चुकलं. पण चुकलं ते एवढंच, बाबा.

…

… काय? … हो, चारही बदलायचेत. दोनच बदलले तर पुढचे धरणार आणि मागचे घसरणार म्हणतात. … तीन प्रकार आहेत. थांबा, लिहून घेतलंय. एक शर्यतवाल्यांचा, एकदम चिकट, पण तापल्यावरच नीट धरतो आणि ओल्यावर तितका नाही. … दुसरा वळणावर घट्ट, आणि ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो. … तिसरा साधा, कडक, वर्षानुवर्षं चालतो. … मी म्हटलं साधाच द्या. … तुम्ही ओरडू नका, मला काय कळतंय त्यातलं.

… दुसरा? … विचारते. मालकीणबाई, दुसऱ्याचा आवाज होतो का हो? आई गाडीत झोपते, म्हणून विचारतायत. … बाबा, नाही होत म्हणतायत. … मापात फरक नाही, तेच. … तारीख? बाई, या नव्यांवरचे आकडे बघू द्या. … बाबा, दोन महिन्यांपूर्वीचे आहेत. … चारही बघितले. … परत बघते. … हो, चारही.

… डॉक्टर? ते तुमचं तुम्ही बघा. … आत्ताच सांगता? … बरं, धरते.

…

(अगं, तूच? काय म्हणाले त्याला? … 'डॉक्टर, हलत नसलेली दाढ तुम्ही काढता का?' … अगं बाई. आणि तो? … हसला ना? मग झालं. दे परत बाबांना.)

बाबा, मग मी संध्याकाळपर्यंत आणते गाडी चालवत. … का? … नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात? … असं? … मी कुठे जोरात चालवते? … ब्रेक उशिरा लावते? कधी? … बरं. … बरं, लावते असेन. … नाही, नाही हात लावत. … चप्पल घातलीतसुद्धा? अहो, जेवून तरी निघा. … बरं, बसते मी इथेच.

बाबा, एक मिनिट. गुरुवारी मी तुम्हाला जे बोलले ना, वयाबद्दल… ऐका ना, मी… हॅलो? … बाबा?

…

ठेवला.

मालकीणबाई, तो दुसरा बसवा, चारही. आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा. ड्रायव्हर निघालेत.