ज्यांच्यावाचून अडतं

ग्वाक साहेब : शब्द वजनदार हवा हं, ह्ये-रिन. 'इम्पॉर्टंट' नको. इम्पॉर्टंट तर गेटवरचा कुत्राही आहे.

ह्ये-रिन : कुत्रा जास्तच आहे, साहेब.

ग्वाक साहेब : मग 'पॅरामाउंट' म्हण.

ह्ये-रिन : सिंगापूरच्या हेडऑफिसची माणसं हसतील. कामगारांची सुरक्षितता पॅरामाउंट असते. माणसाला तसं म्हणत नाहीत.

ग्वाक साहेब : 'पिव्हटल'?

ह्ये-रिन : ते ज्याच्यामुळे सगळं फिरतं, वळण घेतं, त्याला. तुम्ही आल्यापासून इथं काहीच वळलेलं नाही.

ग्वाक साहेब : खरंय, शिस्त आहे. मग काय म्हणशील?

ह्ये-रिन : 'इनडिस्पेन्सेबल'. ज्याच्यावाचून इथलं पानही हलणार नाही असा.

ग्वाक साहेब : शेवाळाचं पान?

ह्ये-रिन : आपला कारखाना त्याचाच आहे, साहेब.

ग्वाक साहेब : वा. उद्या व्हिडिओवर हेडऑफिसच्या बाईंनी माझ्याबद्दल विचारलं की हाच शब्द वापर. सिंगापूरला बदली झाली तरी तुला विसरणार नाही मी.

ह्ये-रिन : मागेही विसरला नव्हतात. मी शोधलेल्या बदाम-शेवाळाच्या खाऊचं बक्षीस घेऊन जेजू बेटावर फिरून आलात, तेव्हा संत्र्याचं चॉकलेट आणलंत मला.

ग्वाक साहेब : छान होतं ना?

ह्ये-रिन : एकच होतं. नीट कळलं नाही.

(दुसऱ्या दिवशी, कारखान्याच्या जेवणघरात.)

ओक-जा ताई : माझ्या भट्टीवर उभं राहून बोटं तू भाजून घेतलीस, बक्षीस त्यानं लाटलं. आणि आज त्याची आरती ओवाळून आलीस?

ह्ये-रिन : मनापासून, ताई. म्हटलं, हे एक दिवस नसले तर वान्दोचा हा कारखाना बंद पडेल. इनडिस्पेन्सेबल.

ओक-जा ताई : म्हणजे आता नेतीलच त्याला सिंगापूरला.

ह्ये-रिन : ज्याच्यावाचून अडतं त्याला कोण हलवतं? घराचा मधला खांब काढून कुणी शेजारी देतं का? मेला इथंच म्हातारा होईल, मासळीच्या वासात.

ओक-जा ताई : आणि तिकडची खुर्ची?

ह्ये-रिन : त्यांच्यानंतर माझंच नाव आहे.

ओक-जा ताई : मुळ्याचं किमची घे अजून. तुझ्याशी वाकडं नको बाई.

*

ग्वाक साहेब : बस, ह्ये-रिन. माझी बदली रद्द झाली. म्हणे, तुम्हाला काढलं तर कारखानाच बसेल.

ह्ये-रिन : फार वाईट झालं, साहेब.

ग्वाक साहेब : झालं खरं. पण बायकोला हे सांगितलं, तर लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला माशाचा मधला तुकडा वाढला. माझ्याबद्दल इतकं मोठं कुणी कधी बोललंच नव्हतं गं. म्हणून काल त्या बाईंनी तिकडच्या जागेसाठी तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मीही हात आखडता घेतला नाही.

ह्ये-रिन : काय म्हणालात?

ग्वाक साहेब : 'इम्पॉर्टंट' नाही म्हणालो. 'पॅरामाउंट' तर टाळलाच, तू सांगितलं होतंस तसं.

ह्ये-रिन : साहेब.

ग्वाक साहेब : तोच शब्द. रात्रभर आरशासमोर घोटला होता. एकदाही अडखळलो नाही.

ह्ये-रिन : आणि बाई काय म्हणाल्या?

ग्वाक साहेब : म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला. हे घे, जेजूहून मागवलंय. या वेळी अख्खा डबा आहे.