पान उभं ठेवायचं असतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले व्यवस्थापक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, समोरचे सगळे सहकारी, आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले, माझ्या आग्रहावरून आलेले माळीकाका. तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. एकवीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केलेली बाई दोन शब्द गोडच बोलेल, असा संयोजकांचा भाबडा विश्वास असावा.

साहेबांचं नाव निघालं की पहिल्यांदा काय आठवतं? कोरफड. मघाशीच त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. पान कापलं, गर काढला, गुलाबाची फांदी त्यात बुडवून कुंडीत खोचली, म्हणजे मुळं लवकर फुटतात. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. प्रात्यक्षिकाची कल्पना माझीच होती. पानही मीच आणलं, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीतलं. का आणलं, ते सांगते.

आपल्या बागेत कोरफड आणली माळीकाकांनी. घरून एक पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटलेलं छोटं रोप, डब्यात घालून आणलं आणि कँटीनच्या मागे लावलं. पाणी घालायला कुणी गेलं की ओरडायचे, लाड केले की कुजते म्हणून. गुलाबाच्या फांद्या गरात बुडवायची पद्धतही त्यांचीच. साहेब खिडकीतून बघायचे. वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांनी लिहायला सांगितलं, ‘माझा स्वतःचा प्रयोग’. मी लिहिलं. उद्यान स्पर्धेची ढाल आली, तिच्यावरही साहेबांचंच नाव. काका मला म्हणाले, जाऊ द्या बाई, फुलं तर बागेतच आहेत ना. मोठ्या मनाचा माणूस. माझं मन तेवढं मोठं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नऊ वर्षांपूर्वी काका मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजेवर होते. संचालक मंडळ येणार होतं, म्हणून साहेबांनी हौसेनं साठ फांद्या स्वतःच्या हातांनी लावल्या. काका परत आले तेव्हा साठच्या साठ बुडापासून काळ्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवून पत्र सांगितलं. ‘माळ्याच्या हेळसांडीमुळे रोपांचे नुकसान झाले, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे.’ फांद्या कुणी लावल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी टाइप केलं. एकदाही न थांबता टाइप केलं, हे आज मला जास्त टोचतं.

काका माझ्याच टेबलावर वाकून पोच द्यायला सही करत होते. तेव्हा एवढंच बोलले, “बाई, पान उभं ठेवायचं राहिलं असेल त्यांचं.”

मला काही कळलं नाही. पण काकांनी दिलेलं एक पिल्लू माझ्या खिडकीत होतं, त्याचं पान कापलं. कापल्या जागी पिवळा, कडू चीक आला. एक पान पेल्यात तीन-चार तास उभं केलं, चीक सगळा गळून गेला. दुसरं तसंच वापरलं. दोन्हीच्या गरात एकेक फांदी बुडवून लावली. पहिली फुटली. दुसरी काळी पडली. दोन्ही कुंड्या उचलून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी वर न बघता सांगितलं, “तुम्ही टायपिंग बघा.”

बघितलं साहेब. नऊ वर्षं बघितलं. आणि आजच्या दिवसाची वाट बघितली, कारण आज तुम्हाला उठून जाता येत नाही.

त्या एका शब्दामुळे, ‘हेळसांड’, काकांना पुन्हा कुठल्या बागेत काम मिळालं नाही. माती ओळखणारा माणूस आज वाहनतळावर गाड्या मोजतो. तोच राग आहे माझ्या पोटात, आणि तो मी इथे नीट ओतायला आले आहे.

दोनशे जणांनी मघाशी पाहिलं. साहेबांनी पान कापलं आणि लगेच फांदी बुडवली. उभं ठेवलं का? बाजूला रिकामा पेला मी मुद्दाम ठेवला होता. साहेब, तुमच्या उजव्या बाहीवर पिवळा डाग पडलाय, वहिनींना सांगा, तो जात नाही. पाहुण्यांनी ती कुंडी अवश्य घरी न्यावी आणि महिनाभर वाट बघावी. ज्याचा प्रयोग असतो त्याला एवढं ठाऊक असतं.

अध्यक्ष महाराज, आपल्यासमोर पुष्पगुच्छाखाली एक कागद आहे. काकांना कमी केल्याचं ते पत्र मागे घेत असल्याचं पत्र. टाइप मीच केलंय, सहीची जागा तेवढी मोकळी आहे. पेन शेजारी आहे. आपण सही करेपर्यंत मी माइक सोडणार नाही, पाच मिनिटं कधीच संपली हे माहीत असूनही.

धन्यवाद. सही झाली.

संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. साहेबांची मात्र मी माफी मागत नाही. माझ्या हातून एकवीस वर्षांत एकच मोठी चूक टाइप झाली, ‘साहेबांच्या’ लिहायच्या जागी ‘माळ्याच्या’ लिहिलं. तेवढ्यासाठी काका, तुम्ही मला क्षमा करा.