वर्षाच्या आतलं तळण

लोटू नको ते दार. उघडंच ऱ्हाऊ दे — धूर न्हाई गं झालेला, वास म्हन की सरळ. तळनाचा वास जातोय बाहेर, तर जाऊ दे. वर पारापतुर जाऊ दे, खाली टाकीपतुर जाऊ दे. लपून तळायला मी काय चोरी केली? बस हितं, पाटावर बस. आन ते खोकं आधी खाली ठेव, किती वेळ छातीशी धरून उभी ऱ्हाशील. केक हाय न्हवं? दिसतंय की झाकनातनं, लाल फीत बी बांधलीया. स्वराजनं आनला व्हय लोनावळ्यातनं? नवरा कामाचा हाय तुझा. पन पाठवलाय तुझ्या सासूनं — थांब, तू तोंड उघडू नको, मीच सांगते काय सांगून धाडलंय ते. 'मुक्ताला म्हनावं, नाताळाला त्या बाईकडं जायचंच असंल तर हे घेऊन जा, पन घरात कढई चढवू नको, हौशीरामभावजींना जाऊन अजून वरीस फिरलं न्हाई.' असंच ना? बघ. एका अंगनात जावा-जावा म्हनून जलम काढला आमी, तिच्या पोटातलं मला आधी ऐकू येतंय, तिच्या तोंडात नंतर येतंय.

न्हाई फिरलं वरीस, मला म्हाईत न्हाई व्हय? नवरा माझा गेलाय. तू नवी हायेस ह्या घरात, तुला सगळी अर्धाच नेम सांगत असतील — घरात मानूस गेलं की वरीसभर त्या घरात तळन न्हाई, गोडधोड न्हाई, सन न्हाई. बरं. आन दुसरा अर्धा? तो कोन सांगनार? त्या घरात करायचं न्हाई म्हनून बाकीच्यांनी न्यायचं! दिवाळीला आपल्या घरचं ताट भरायचं, फडक्यानं झाकायचं, जाऊन तितं बसायचं आन पयला घास त्या घरच्या मानसाच्या तोंडात आपल्या हातानं घालायचा. मी गेलेय की! श्रीपतीचा थोरला गेला त्या साली मी आन तुझी सासू, दोघी गेलतो. केरबाची म्हातारी गेली तवा मला ताप व्हता तरी गेलते. आन यंदा? यंदा माझ्या दारात कोन आलं? — मान खाली घालू नको, तुला न्हाई म्हनत मी. तू काय करनार, तुला कोन इचारतंय.

मला राग न्हाई. खरंच न्हाई. मला ठावं हाय काय झालं — कुनी मुद्दाम न्हाई केलं. आळीतल्या निवृत्तीच्या बायकोला वाटलं, तुझ्या सासूनं नेलंच असंल. तुझ्या सासूला वाटलं, सगळ्या आळीनं नेलं असंल, आपलं सावकाश नेऊ. परत्येकीला वाटलं दुसरीनं नेलं. सगळ्यांच्या घरात माझं फराळ माझ्या घरी पोचलं व्हतं, फकस्त माझ्या घरात न्हवतं. ह्यात राग कुनावर धरायचा? तीळ दे जरा हिकडं, ती वाटी. खसखस न्हाई लावत मी, तीळ लावते, चालतंय. — हां, हसला बघ! बघितलास? अनारसा पसरला की हसला म्हनत्यात, तेलात सगळा फुटून जातो. साखर जास्ती झाली. हसू दे. ह्या घरात कुनीतरी हसलं पायजे, मानसांनी न्हाई तर अनारशानं.

ही साखर कुठनं आली, ते बी ऐक आता बसलीस तर. दिवाळीच्या आधी मी दुकानातनं साखर आनून ठिवली. तुला वाटंल, करायचं तर काय न्हवतं, मग कशाला? अगं, लोकांची ताटं येनार. ताट रिकामं माघारी द्यायचं नसतं, मूठभर साखर तरी घालून द्यायची. म्हनून आनली. फळी पुसली, त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, ताटं ठिवायला जागा केली. पयल्या दिवशी केस इंचरून बसले. दुसऱ्या दिवशी बी. पाडव्याला मी पुढचं दार उघडं ठिवलं आन मागच्या दारात बी गेले न्हाई, कुनी येऊन माघारी जाईल म्हनून. तीच साखर ही. ह्या पिठात हाय ती. मुंग्या लागायच्या आधी कुनाच्यातरी तोंडात जाऊ दे म्हनलं.

आन भाऊबीजेला मार्था आली. तू वळखत न्हाईस तिला — भांगरवाडीची, आमी दोघी लोनावळ्याच्या एका बोर्डिंग शाळेच्या भटारखान्यात कामाला व्हतो, मी कनिक मळायची, ती लाटायची. किरिस्ताव हाय, पन बोलायला आपल्यासारखीच, तिचा आजा पार जुन्नरकडचा. तितं नाताळ आला की मास्तरलोक एकमेकांना असली खोकी द्यायचे, फीत बांधलेली. आमाला कोन देतंय. तर ही मार्था काय करायची, घरून कुलकुल आनायची — मैद्याची बारीक गोळी नव्या कंगव्यावर दाबून वळायची, तळायची आन साखरेत घोळायची, शिंपल्यावानी दिसती. वर्तमानपत्राचं पुडकं, वरनं दोरा. भांडी घासनारीला एक, झाडूवाल्याला एक, दारावरच्या वॉचमनला एक, मला एक. मैदा, साखर, तेल, बास. दुसरं काय न्हाई त्यात. पन मी पुडकं घरी आनलं की हे हातपाय धुवायच्या आधी सोडायचे. 'आली का तुझ्या मार्थाची शिंपली?' म्हनायचे. ह्यांना सांगायला जा आता, की नाताळाचं तळन केल्यानं तुमचं वरीस बाटतंय म्हनून.

तर भाऊबीजेला ती आली. बाजीरावच्या रिक्षात बसून वर आली, गुडघे धरत. हातात डबा. उघडला तर कुलकुल! दिवाळीत! मी म्हनलं, अगं मार्थे, हे तुझं नाताळाचं, आत्ता कुटं? तर म्हनती, 'मला करंजी येत न्हाई, अनारसा येत न्हाई, मला येतंय ते केलं. तुझ्या घरात यंदा तळन न्हाई ना?' तिला म्हाईत व्हतं. तिला म्हाईत व्हतं गं, समीक्षा, आन आळीला… असू दे. बसली हितंच, तू बसलीस तितं. माझ्या तोंडात पयला घास तिनं घातला. कडक इतकी झालती की चावंना. दोघींना धड दाढा न्हाईत, ती म्हनती चोख, मी म्हनते चोखते, आन मग जे हसू फुटलं आमाला — पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. हे गेल्यापासनं मी पयल्यांदा हसले.

मग पंधरा दिसांनी तिचा नवरा, शमुवेल, गेला. रातीत गेला, झोपेत. आता ती एकटी हाय त्या खोलीत. त्यांच्यात तळनाचा नेम हाय का न्हाई मला ठावं न्हाई, मी इचारलं बी न्हाई. पन मागल्या आयतवारी फोनवर म्हनाली, 'मुक्ता, यंदा कढईकडं बघवत न्हाई. नाताळ आपला येईल न् जाईल.' मी फोन ठिवला आन तांदूळ भिजत घातला. भिजवायचा, रोज पानी बदलायचं, मग सावलीत वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. मी तांदूळ अंगनात पांढऱ्या फडक्यावर पसरला तवाच तुझ्या सासूनं बघितलं. आपल्या वट्यावरनं बघत व्हती. आता पीठ मुरलं, कढई चढली, वास सुटला, तवा खोकं धाडतीया!

केक वाईट हाय असं मी म्हनत न्हाई. लेकराबाळांना द्या, खातील आनंदानं. पन मला सांग, त्या केकला मार्था ठावं हाय का? दुकानात गेला, पैसे दिले, फीत बांधून घेतली, झालं. मी रोज सकाळी तांदळाचं पानी बदलत व्हते तवा रोज मार्था डोळ्याम्होरं येत व्हती. काय खात असंल, कुनाशी बोलत असंल. ते न्यायचंय मला. तिनं मला दिवाळीत तिच्या नाताळाचं दिलं, मी तिला नाताळात माझ्या दिवाळीचं देनार. आन नळावर निवृत्तीची बायको काय म्हनाली ते बी आलंय माझ्या कानावर — 'किरिस्तावांच्या सनाला हिला पुळका.' व्हय, हाय पुळका! सांग तिला. येऊन म्हन म्हनावं माझ्या तोंडावर, चार अनारसे बांधून देते तिला बी.

आन आज मी तिकडंच ऱ्हानार. ते बी सांग सासूला, म्हंजी सगळं एकदमच ऐकंल. वर्षाच्या आत बाईनं दुसऱ्याच्या घरी वस्तीला ऱ्हायचं नसतंय — मी ऱ्हानार. उद्या ती त्यांच्या देवळात जाईल, मी भाईर पायरीवर बसंन. हितं मला काय हाय? भिंती? आनघा पुन्याहनं रोज फोन करती, 'आई, जेवलीस का.' दिवाळीत इचारलं, 'आई, कुनाकुनाचं फराळ आलं?' मी म्हनलं, बाई गं, ठिवायला जागा न्हाई, सगळ्या आळीचं आलं. चकल्या तुझ्या चुलतीच्या, करंज्या केरबाच्या सुनंच्या… बसून सांगत गेले. पोरीला काय सांगू? तुझ्या बापाच्या दुःखात कुनी एक झाकलेलं ताट बी आनलं न्हाई म्हनून?… हे तुला सांगायचं न्हवतं. तू कुनाला बोलू नको. धूर लागला डोळ्याला.

न्हाई लागला. जाऊ दे, खोटं कशाला बोलू. मला रडायचंय, समीक्षा. हितं सगळी म्हनत्यात, मुक्ता लय खंबीर. खंबीर म्हनलं की कुनाला येऊन बसायला लागत न्हाई. मार्था मला खंबीर म्हनत न्हाई. तितं जाऊन दोघी बसू, अनारसे खाऊ आन पोटभर रडू.

काय? — काय म्हनलीस? परत म्हन.

आलती? तुझी सासू? भाऊबीजेला?… तू बघितलंस तिला? ताट घेऊन? वट्यापतुर आलती, आन मग? आत दोघींचं हसनं ऐकलं म्हनून? — अगं मग आत यायचं! दुःखाच्या घरात हसू ऐकलं तर मानूस आत येतं का माघारी जातं? तिला काय वाटलं, मला आता दुसरी मिळाली? आन ताटाचं काय केलं तिनं? … फळीवर? तसंच झाकून? बुरशी येईपतुर? कुनाला हात लावू दिला न्हाई? …

न्हाई. न्हाई, समीक्षा, असं न्हाई चालत. वट्यापतुर आलेलं ताट माझ्या पोटात न्हाई गेलं. मी आत दिवसभर दार उघडं टाकून बसले व्हते, त्याचं काय? एवढ्या वर्सांत तिला माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवताना कधी इचार करावा लागला न्हाई, आन त्याच दिवशी लागला? म्हनावं, मोठी हायेस, पन चुकलीस तू. असंच म्हन. माझ्या शब्दात सांग, गोड करून सांगू नको.

ऊठ आता. ते खोकं उचल, पोरांना काप ते. हा शेवटचा घाना निघाला की मी डबा भरनार. बाजीराव पाराशी रिक्षा घेऊन यील, खाली सुट्टीला फिरायला येनाऱ्या पावन्यांच्या गाड्यांची रांग लागायच्या आत निघायचंय त्याला. मी कुनासाठी थांबनार न्हाई. हाक बी मारनार न्हाई. पन मार्थाच्या खोलीत तिघी बसतील येवढी जागा हाय, एवढं सांग सासूला. यायचं असंल तर आपल्या पायानं यायचं, हातात काय नको, खोकं नको, ताट नको. आन न्हाई आली तरी मी जानारच, हे बी सांग.

बघत काय उभी ऱ्हायलीस? डोळे पूस, चपला घाल. आगं हळू न्हाई, पळ! रिक्षा यायच्या आत गाठ तिला.