जावयाची खोली

…नाही नाही, ती शाल घ्या मॅडम, संकोच करू नका, धुतलेली आहे. इथं बसणारा प्रत्येक जण थोड्या वेळात हात चोळायला लागतो, तुम्ही तर केव्हापासून लॅपटॉप घेऊन बसलात. चपला बाहेर काढायला लावल्या म्हणून राग नाही ना आला? धुळीसाठी आहे तो नियम. हे मशीन बसवून देणारा इंजिनिअर सांगून गेला होता – शेठ, याला धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, धक्का चालत नाही. मी म्हटलं, मग याला चालतं तरी काय? पण पाळलं हो सगळं. नळ-पाइपचं दुकान आमचं, बाहेर दिवसभर लोखंड आपटतंय, हमाल ओरडतायत, आणि या दारातून आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मी शाळेत फार टिकलो नाही, पण एवढं कळतं – ज्याच्यावर धंदा चालतो त्याला जपायचं. मग तो तराजू असो की सर्व्हर.

आमच्या घरात याला जावई म्हणत. म्हणजे माझी बायको म्हणायची. आम्हाला मुलगी नाही, एकच मुलगा – तोच, ज्यानं तुम्हाला बोलावलं. तर ती म्हणायची, मुलगी नसून जावई मिळाला बघा. घरातली सगळ्यांत गार खोली त्याला, त्याच्यापुढं कुणी आवाज चढवायचा नाही, आणि रुसला की अख्खं दुकान हात जोडून उभं. आम्ही वर राहतो ना, दुकानाच्या डोक्यावर, पत्र्याखाली. स्वयंपाक उरकून घामानं निथळत खाली यायची – बिलं तीच टाकायची कॉम्प्युटरवर, मी आकडे डोक्यात ठेवणारा माणूस – आणि कामाला बसण्याआधी हे दार उघडून घटकाभर इथं उभी राहायची. म्हणायची, जावईबापूंना गारवा आणि सासूला पत्रा. हसायचो आम्ही. मी म्हणायचो, वर एसी बसवून काय विकणार आहेस तू? बरोबरच होतं ते, धंद्याच्या हिशेबानं. आज कुणी विचारलं तरी तेच सांगेन. सांगेन बहुतेक.

तर तुमचा बेत. मला समजला तसा सांगतो, चुकलं तर थांबवा. आधी मालाची यादी तिकडं, तुमच्या त्या दूरच्या क्लाउडवर जाणार, मग गिऱ्हाइकांची नावं, मग जुनी बिलं – तीही दुकान बंद असेल त्या दिवशी. काही दिवस दोन्हीकडं चालणार, इथंही आणि तिकडंही, आणि सगळं जुळलं की हे बंद. बरोबर? म्हणजे दुकान हलवण्यासारखंच की. आम्ही जुनी जागा सोडून इथं आलो ना, तेव्हा मी असंच केलं होतं – तिकडं एक माणूस स्टुलावर बसवून ठेवला, चुकून आलेल्या गिऱ्हाइकाला इकडं पाठवायला. माल नाही, तराजू नाही, नुसता माणूस. आणि त्याला उठवायचं मी विसरलो. बरेच दिवस गेले, मग तो स्वतःच आला, म्हणाला, शेठ, आता कुणी येत नाही, तरी बसू का? हसला नाहीत तुम्ही. आम्ही फार हसलो होतो तेव्हा.

गिऱ्हाइकांची नावं बघून चक्रावला असाल. ‘मोठ्या आवाजाचे’. ‘दोन छत्र्यावाले’. ‘बायकोला विचारून सांगतो’. ही तिनं टाकलेली नावं. खरी नावं कुणाला आठवतात हो, पण दोन छत्र्यावाले म्हटलं की मला तो माणूस उभा दिसतो. मुलगा म्हणतो, तिकडं पाठवण्याआधी साफ करू. करा.

ती वायर? ती कशाचीच नाही. म्हणजे या मशीनच्या बॅटरीपासून निघून तिथं कोपऱ्यापर्यंत जाते आणि तिथं काही नाही, हे बरोबर पकडलंत – नको, गुंडाळू नका, असू द्या. तिथं पलंग होता. फरशीवर बघा, पायांच्या खुणा आहेत अजून. तिला फुप्फुसाचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, खोली गार हवी, धूळ नको, आवाज नको. मी आणि मुलगा एकमेकांकडं बघत राहिलो. तशी खोली घरात होतीच, तयार. पलंग आणला तेव्हा ती म्हणाली, शेवटी सासूला जावयाच्या दारात राहायची वेळ आली. पण झोप छान लागायची तिला इथं, या पंख्यांच्या घरघरीत. जरा बरं वाटलं की पडल्या पडल्या कीबोर्ड ओढून बिलं टाकायची, बाहेर मोठ्या आवाजाचे आले की आतून हिचं हसू आणि मग खोकला. तिचं ऑक्सिजनचं यंत्र मी याच बॅटरीला जोडलं होतं. वीज गेली तरी दोघांना पुरेल, असा माझा हिशेब. हिशेबात मी सहसा चुकत नाही.

मग एका दुपारी वीज गेली ती आलीच नाही. मुलगा माल आणायला बाहेरगावी. ही बॅटरी कोकलायला लागली. इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणाला, दोन्ही नाही ओढणार ती, एक काढा. पण मशीन आधी नीट मिटवा, मगच काढा, नाहीतर आतलं सगळं बिघडेल. आता नीट मिटवायचं कसं, ते तिला येत होतं. मला नाही. आणि तिच्या तोंडावर मास्क. मी प्लग ओढला. जावयाचा. पंखे थांबले – ही खोली इतकी शांत असते हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं डोळे उघडले, मास्क बाजूला केला, म्हणाली, अहो, बंद केलंत? मी म्हटलं, केलं. ती म्हणाली, माझ्यासाठी? एवढा बोलणारा मी, गिऱ्हाइकाला दारातून परत आणणारा. मी म्हटलं, येईल वीज इतक्यात.

आली नंतर. मशीन सुरू झालं, पण तेव्हापासून ते असं मधेच अडकतं. ती पण नंतर फार दिवस नव्हती. लोक भेटायला आले तेव्हा मी त्यांना घरात नळ कुठल्या मापाचा बसवावा ते सांगत होतो, असं मुलगा म्हणतो. मला आठवत नाही. त्याला वाटतं मशीन म्हातारं झालं म्हणून बिघडलं. म्हातारं होतंच, तुमच्या रिपोर्टात तेच लिहा.

माझं एक म्हणणं होतं. सगळं तिकडं गेलं तरी हे चालू राहू द्यावं. रिकामं. आत काही नको, नुसते पंखे फिरू देत. मुलाला ही खोली नळांचे नमुने मांडायला हवी आहे, आणि हा एसी तो वर नेणार म्हणतो, माझ्या खोलीत. गुणाचा आहे पोरगा. मी सांगितलं तर विचारेल, कशाला? तुम्ही सांगितलंत, काही कारण असतं म्हणून ठेवावं लागतं, तर ऐकेल तो.

नाही?

हं. नाही, खरं आहे तुमचं. मीही गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको तो पाइप मारत नाही. स्टुलावरच्या माणसालाही शेवटी उठवलाच होता. मग तारीख तुम्ही ठरवा. फक्त बंद कराल तेव्हा मला बोलवा. नीट कसं मिटवतात ते दाखवा, या खेपेला मी मिटवीन.

चला, बाहेर मोठ्या आवाजाचे आलेत, ऐकू येतंय ना. शाल – नका घडी घालू. टाका खुर्चीवर, होती तशी. आणि जाताना दार ओढून घ्या मॅडम, गारवा बाहेर जातो.