भरल्या विहिरीचा नकाशा

…न्हाई, पण तुम्हाला सांगतो, विहीर कोरडी असली तर कोरडीच काढायची की! त्याच्यात लाजायचं काय? वस्तीवरच्या लहानथोराला ठाऊक, वाकून पाहिलं तर त्या विहिरीत काय दिसतं… दगड, एक फुटकी बादली, अन् आमच्या शेजारच्या म्हस्कूची मागं कधीतरी पडलेली एका पायाची चप्पल. एक गोल काढायचा, मधी काहीच न्हाई भरायचं, झाली कोरडी विहीर. पण हे आमच्या मंडळीला कोण सांगणार? आमची मंडळी म्हणजे जयवंताबाई. रांगोळीला असा हात की लग्न असो का बारसं, पार तालुक्याच्या मंठ्यापासून बोलावणं येतं. त्या हातानंच घोटाळा केला बघा.

झालं असं, सत्त्याण्णव साल धरा, जालन्याहून एका संस्थेचे देवानंद सर आल्ते. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, अन् बोलणं असं हळू की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. आमच्या गावाला एक हापसा मंजूर झाल्ता. एकच. अन् तो कुठं बसवायचा ते साहेब न्हाई, गाव ठरवणार. आता गाव म्हणजे दोन तुकडे. ओढ्याच्या वर काकासाहेब सरपंचांचं गाव, तिथं आधीचा एक हापसा, बराबर चालू. ओढ्याच्या खाली आमची वस्ती, मेंढरामागं फिरून फिरून आजोबा-पणजोबा जिथं टेकले ती. तिथं काय, तर ती विहीर. आमच्या बाया घागरी घेऊन ओढा चढणार, वरच्या बायांचं भरून झालं की मंग ह्यांचा नंबर. मंडळी म्हणायची, "रांगेत उभं राहून वरच्या गावातली समदी भांडणं मला पाठ झाली."

अन् मी? हापसा मंजूर झाल्याचं कानावर आलं त्या दिवसापासून मला अंगणापुढं हापशाचा दांडा वाजायला लागला… खटक… खटक… जेवताना, मेंढरं हाकताना, कुठंबी. मंडळी विचारायची, काय ऐकून राह्यले? मी म्हणायचो, काही न्हाई.

तर देवानंद सरांनी मारुतीच्या देवळापुढं समद्यांना बसवलं अन् म्हणले, "आम्ही शिकवायला नाही, शिकायला आलोय. गाव तुमचं, नकाशा तुमचा." जमीन सारवायची, तिच्यावर रांगोळीनं अख्खं गाव काढायचं, तेबी बायांनी. मंग ज्याला जिथं पाण्याची नड वाटंल तिथं त्यानं एक चिंचोका ठेवायचा, अन् चिंचोके जास्त तिथं हापसा. काकासाहेब म्हणले, तलाठ्याकडं नकाशा तयार आहे की. सर हसले अन् म्हणले, तो सरकारचा, हा तुमचा.

मंडळीनं पदर खोचला, अन् काय सांगू तुम्हाला… चिमटीतनं ओढा सुटला तो वळत वळत आला, त्याच्या काठाला बाभळी उभ्या राह्यल्या, देऊळ आलं, शाळा आली, वरच्या गावाची माळवदं, आमच्या वस्तीची छपरं, आमचं दार, दारातली शेवग्याची शेंग बी तिनं सोडली न्हाई, अन् मागं बसलेली माणसं उठून पुढं सरकली. आपलं गाव वरून कसं दिसतं ते घारीला ठाऊक, आपल्याला कधी दिसलं होतं? मला तर वाटायला लागलं आपण उडूनच राह्यलो… खाली गाव, वर आपण, मधी गार वारा.

अन् तेवढ्यात तिनं विहीर काढायला घेतली.

गोल काढला. पदराची गाठ सोडली. गाठीतनं पुडी निघाली, कपड्याला घालायची नीळ. ती रांगोळीत कालवली अन् विहीर भरली. काठोकाठ. वर पांढऱ्या लाटा. अन् मंग, अहो, दोन बदकं! आमच्या वस्तीनं बदक पाहिलं ते पोरांच्या पुस्तकात. अन् रंग असा खोल उतरला की म्हस्कूची शेळी उठून आली, मान खाली घातली अन् प्यायला लागली. नाकाला नीळ लागली तरी तिचा इश्वास हटंना.

काकासाहेब शेळीकडं बघत शांतपणे म्हणले, "वस्तीला तर पाणी दिसतंय, सर."

मी ताडकन उठलो. म्हणलं, कोरडी आहे ती, दगडं दिसतात! देवानंद सरांनी लई मायेनं विचारलं, "जयवंताबाई, विहीर कोरडी आहे ना? मग तो निळा रंग काढता का?"

मंडळी म्हणली, "सर, सणाला दारात रिकामी घागर तरी ठेवतो का आपण? अन् रांगोळीत रिकामी विहीर काढू? काढली असती तरी एक वेळ… पण भरलेली रिकामी करू? माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

मी म्हणलं, सर, तुम्हीच पुसा. सर दोन पावलं मागं सरले. "मला हात लावता येत नाही, तातेराव. गाव तुमचं, नकाशा तुमचा." मंग मी वस्तीतल्या बायांकडं पाहिलं, एकीनंबी मान वर केली न्हाई. मी पुसावं, तर सौभाग्याच्या रांगोळीवर गड्यानं पाय कसा घालायचा? झालं. सरांचा नियम एकीकडं, बाईचा नियम एकीकडं, अन् मधी पाणीच पाणी.

चिंचोके ठेवायला सुरुवात झाली. वरच्या गावानं आपले वर ठेवले, ते ठेवणारच, पण आमची माणसं? म्हस्कू चिंचोका धरून काठाला उभा. मी म्हणलं, ठेव की! तर मला म्हणतो, "भरल्या विहिरीत टाकू कसा? बुडंल की." अन् गेला, वर ठेवून आला! मी आपला एकटा, जपून, काठाला ठेवला… तो शेळीनं खाल्ला.

हापसा वर बसला. त्यांच्या पहिल्या हापशाला सोबत झाली.

घरी येताना मी म्हणलं, अगं, काय केलंस हे? तिनं पदरावरची नीळ झटकली. मंग म्हणली, "आयुष्यात एकदा कुणी विचारलं, तुमचं गाव कसं आहे ते काढा. पहिल्यांदाच विचारल्यावर काय फुटकी बादली दाखवू?" अन् खरं सांगू का, ओढा उतरताना मलाबी तो निळा रंगच दिसत होता. गार. बदकं हलून राह्यल्ती.

औंदा परत एक हापसा मंजूर झाला. देवानंद सर परत आले. तीच झोळी, तेच "गाव तुमचं, नकाशा तुमचा." मी मंडळीला रात्रंदिवस समजावलं, ह्या बारीला कोरडी काढ, हात जोडतो, नुसता गोल. ती म्हणली, "बघते." मला बरं वाटलं. कानात खटक खटक सुरू झालं. अन् काल सकाळी म्हणते, "अहो, मागच्या खेपेला विहिरीला पायऱ्याच न्हवत्या. बाया उतरतील कशा? औंदा पायऱ्या काढते. विहीरबी मोठी लागंल मंग. मंठ्याला जाता तर नीळ आणा, जादा आणा."

काय करता? गेलो. निळीच्या पुड्यांनी पिशवी भरली. दुकानदार पिशवीकडं बघून म्हणला, "तातेराव, एवढी नीळ? कपडे लई धुवून राह्यले. औंदा पाणी बक्कळ दिसतंय वस्तीला."

मी म्हणलं, "हौ… बदकं बी आहेत."